प्रकाशतंतूच्या जोडणीतील दोष : शहानिशा, उपाय आणि दाद

घरात प्रकाशतंतूची जोडणी आहे, बिल दरमहा बिनचूक भरले जाते, योजनेच्या कागदावर तीनशे एमबीपीएस असा आकडाही ठळक छापलेला आहे. आणि तरीही ऐन कामाच्या वेळी चित्र गोठते, समोरच्याचा आवाज तुटतो, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चौकटी उमटतात, आणि कंपनीला फोन केला असता ‘राऊटर बंद करून पुन्हा चालू करा’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, अशा आशयाची विचारणा बेंगळुरूत राहणाऱ्या वाचकांकडून वारंवार होत असते. कुणी अधिक महागडी योजना घेतात, कुणी नवा राऊटर आणतात, कुणी कंपनीच बदलतात. परंतु दोष जर जिन्यातल्या पेटीतील मळलेल्या जोडात असेल, तर पहिल्या दोन उपायांनी खर्च तेवढा वाढतो, आणि तिसऱ्याने जुन्या दोषाऐवजी नव्या दोषाची वाट पाहावी लागते.

दूरध्वनीसाठी प्रकाशतंतूचा भारतातील पहिला प्रयोग १९७९ साली पुण्यात, शहरातल्या शहरात एक्स्चेंजे जोडण्यासाठी झाला. त्या काळी तंतू दूरध्वनी खात्याच्या हद्दीत सुरू होऊन खात्याच्याच हद्दीत संपे. आज तोच तंतू जयनगर-बसवनगुडीच्या एखाद्या वर्षावृक्षाच्या फांदीवरून, गच्चीच्या कठड्यावरून आणि सरकत्या खिडकीच्या फटीतून थेट दिवाणखान्यात येतो; आणि या अखेरच्या पन्नास मीटरांवर नजर ठेवणारे, खरे पाहता, तुमच्याखेरीज कुणीही नसते. ही नजर कशी ठेवावी, कोणते दोन आकडे मागावेत आणि ते हाती आल्यावर कोणाकडे दाद मागावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम कसूर कोणाची, ते ठरवा

‘नेट गेले’ या दोन शब्दांत चार निरनिराळे दोष सामावलेले असतात. तक्रार नोंदवण्यापूर्वी पुढील क्रमाने रुजवात घ्या :

1. वीज पाहा. तंतू ज्या छोट्या पेटीत येतो तिला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तिचा अॅडॉप्टर मूळचाच आहे ना, दिवे स्थिर आहेत ना, हे पाहा. वीज वारंवार जात असेल तर एक लहान यूपीएस बसवावा.
2. लाल दिवा पाहा. ओएनटीवरील ‘एलओएस’ हा दिवा लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाश पोचत नाही किंवा अपुरा पोचतो आहे, असे समजा. मग राऊटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. सरळ तक्रार नोंदवा.
3. तारेने तपासा. लाल दिवा नसेल, तर लॅपटॉप लॅन केबलने पेटीला जोडून वेग मोजा. तारेवर वेग पुरा आणि वायफायवर अपुरा, असे आढळले तर तंतू निर्दोष आहे. राऊटरची जागा बदला आणि हा लेख येथेच मिटून ठेवा.
4. शेजाऱ्याला विचारा. त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडेही त्याच वेळी खंड पडतो काय, हे कळल्याने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

पहिला आकडा : पोचलेला प्रकाश

प्रकाश किती पोचला, हे डीबीएम या परिमाणात मोजतात, आणि घरगुती जोडणीत तो आकडा नेहमी उणे असतो. उणे २० म्हणजे दहा मायक्रोवॅट; त्यातून तीन वजा झाले की प्रकाश निम्मा झाला, असा हिशेब ध्यानात ठेवला तर पुरे. एका तंतूची अनेक घरांत विभागणी करणाऱ्या सर्वसाधारण जीपॉन पद्धतीच्या जोडणीत ओएनटीला उणे ८ आणि उणे २७ यांच्या दरम्यानचा प्रकाश वाचता येतो. तथापि कडेवर राहणे धोक्याचे असल्याने उणे १५ ते उणे २३ ही मर्यादा निर्धास्त समजावी; उणे २५ च्या खाली आकडा गेला की पहिल्याच वळवाच्या सरीत जोडणी तुटण्याचा संभव असतो. उणे ८ पेक्षा अधिक प्रकाशही इष्ट नाही, कारण अतिप्रकाशाने तो ग्रहण करणारे यंत्र दिपते आणि त्रुटी उद्भवतात.

हा जमाखर्च एकदा कागदावर मांडून पाहा. कंपनीच्या यंत्रातून अधिक ३ डीबीएम प्रकाश निघाला. चार किलोमीटर तंतूत सुमारे एक डेसिबल खर्ची पडला. एका तंतूची बत्तीस घरांत विभागणी करणाऱ्या स्प्लिटरांनी सुमारे साडेसतरा घेतले. जोड आणि कनेक्टर यांनी मिळून दीड घेतला. तुमच्या घरी उणे १७ च्या आसपास आकडा यावयास हवा. प्रत्यक्षात तो उणे २५ असेल, तर आठ डेसिबल वाटेत कोठेतरी गळत आहेत. आणि ती गळती शोधणे हे कंपनीचे काम आहे, योजना बदलणे हे तुमचे नव्हे.

आकडा मिळवण्याचे तीन मार्ग आहेत :

- ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ या सदराखाली ‘आरएक्स पॉवर’ म्हणून तो दाखवलेला असतो.
- कित्येक कंपन्यांच्या तक्रार विभागाला आपल्या पडद्यावर तो दिसतो. तोंडी सांगण्याची विनंती करा.
- तंत्रज्ञाच्या खिशातील पॉवर मीटरवर तो तुमच्यासमक्ष मोजता येतो. ‘पवर एष्टु बर्ता इदे?’ (पॉवर किती येते आहे?) एवढे कन्नड तुम्हांला येत असले, तर संभाषण तात्काळ मुद्द्यावर येते.

दुसरा आकडा : त्रुटींची गणती

पुरेसा प्रकाश असूनही संदेश बिघडू शकतो. म्हणून यंत्रे पाठवावयाच्या मजकुराबरोबर काही जादा अक्षरे जोडून देतात. जीपॉनमधील प्रचलित पद्धतीत २३९ बाइटांमागे १६ बाइट दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले असतात आणि त्या २५५ च्या गठ्ठ्यात आठ बाइटांपर्यंत चूक झाली, तरी ती आपोआप सुधारली जाते. याचा व्यावहारिक परिणाम असा, की दोष वाढत असतानाही तुम्हांला काही काळ काहीच जाणवत नाही. आणि मर्यादा ओलांडताच सगळे एकदम कोसळल्यासारखे वाटते.

निर्णयापुरते एवढे ओळखा :

- दुरुस्त झालेल्या त्रुटी थोड्या आणि स्थिर : चिंता नको.
- दुरुस्त झालेल्या त्रुटी दिवसेंदिवस चढत्या, दुरुस्त न झालेल्या शून्य : इशारा समजून जोड तपासून घ्या.
- दुरुस्त न झालेल्या त्रुटी वाढत्या : त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

गणती आरंभापासूनची साचलेली असते, म्हणून एका आकड्यावरून अनुमान काढू नका. सकाळचा आणि सायंकाळचा आकडा घेऊन त्यांतील फरक पाहा.

एका तंतूत अनेक वाहिन्या : लक्षणांवरून निदान

एकाच केसाएवढ्या तंतूत निरनिराळ्या तरंगलांबीचे प्रकाश एकमेकांस अडथळा न करता जात-येत असतात. घराकडे येणारा इंटरनेटचा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घरातून जाणारा १३१० चा, आणि ज्या ठिकाणी केबल टीव्हीही त्याच तंतूवरून दिला जातो तेथे तो १५५० चा असतो. दहा गिगाबिटच्या नव्या जोडण्यांत येण्यासाठी १५७७ आणि जाण्यासाठी १२७० वापरतात. यांतील महत्त्वाची गोष्ट एवढीच, की तंतू कोठे तीव्र कोनात वाकला तर अधिक लांबीच्या तरंगाचा प्रकाश आधी निसटतो. जोड मळला असेल तर सर्वांनाच जवळजवळ सारखा फटका बसतो. या भेदावरून पुढील निदान करता येते :

- टीव्ही आधी बिघडला, इंटरनेट ठाकठीक : तंतूच्या वाकणाचा संशय प्रथम घ्या, वाकण न सापडल्यास केबलचालकाकडील टीव्हीच्या यंत्रणेचा.
- दोन्ही एकाच वेळी मंदावले : मळलेला कनेक्टर, पाणी शिरलेला जोड किंवा स्प्लिटर.
- येणारे नीट, जाणारे तुटक : आपला आवाज समोरच्याला तुटत ऐकू येतो, फाइल वर चढत नाही, परंतु चित्रपट मात्र सुरळीत दिसतो. अशा वेळी घरातील आकडा चांगला असूनही उपयोग नाही. तुमच्या ओएनटीकडून कंपनीच्या यंत्राला किती प्रकाश पोचतो, तो आकडा मागा.
- एकाच स्प्लिटरवरील सर्व घरांत, अधूनमधून, विनाकारण : वर जाणाऱ्या मार्गात प्रत्येक घराला बोलण्याची पाळी ठरवून दिलेली असते. एखाद्या घराची सदोष पेटी पाळी सोडून प्रकाश टाकू लागली, तर तिच्यामुळे शेजारच्या निर्दोष घरांचे संदेश नासतात. ही शक्यता तक्रारीत स्पष्ट लिहा. कंपनीला एकेक पेटी बंद करून अपराधी शोधता येतो.

एक सावधगिरी : तुमचा टीव्ही जर अॅपवरून किंवा इंटरनेटच्याच प्रवाहातून येत असेल, तर त्याला स्वतंत्र तरंगलांबी नसते आणि वरील पहिले निदान लागू पडत नाही.

घरात तुम्ही स्वतः करावयाचे उपाय

1. वेटोळे सैल करा. टीव्हीच्या कपाटामागे रबर लावून आवळलेली केबलची गुंडाळी हा घरोघर आढळणारा दोष आहे. सामान्य तंतूला तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा, म्हणजे सहा सेंटीमीटर व्यासापेक्षा, लहान वळण देऊ नये. वाकण सोसणारा विशेष तंतू एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही थोड्या कमी त्रिज्येपर्यंत चालतो, परंतु तुमच्या घरात तोच आहे अशी खातरजमा नसेल तर मोठ्या वेटोळ्याचाच नियम पाळा.
2. खिडकीची फट सोडवा. सरकत्या खिडकीच्या खोबणीत केबल दर वेळी चेपली जाते. चौकटीशेजारी छिद्र पाडून ती आत घ्या आणि भोक बाहेरच्या बाजूस उतरते ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून घरात येणार नाही.
3. रंग जुळवा. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्यातच आणि निळा निळ्यातच बसवावयाचा असतो. हिरव्याचे तोंड आठ अंशांनी तिरपे घासलेले असते. तो निळ्यात घुसवला तर दोन्ही तोंडे भिडत नाहीत, प्रकाश वाया जातो आणि उरलेला मागे परावर्तित होऊन टीव्हीच्या वाहिनीस उपद्रव देतो.
4. विनाकारण जोड उपसू नका. प्रकाश ज्या गाभ्यातून वाहतो तो जेमतेम नऊ मायक्रॉन रुंद असतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही त्याला पुरतो. जोड काढलाच तर टोकावर टोपी घाला. फुंकर मारणे, सदऱ्याच्या टोकाने पुसणे, बोट लावणे ही तिन्ही कामे वर्ज्य समजा.
5. टोकात डोकावू नका. आतला प्रकाश अदृश्य असतो. दिसत नाही म्हणून तो नाही, असे समजून डोळा लावणे धोक्याचे आहे. तुटलेल्या तंतूचे काचेचे तुकडे उघड्या हाताने उचलू नका.

तंत्रज्ञ आला असता

तो घाईत असतो आणि दिवा हिरवा होताच निघू पाहतो. त्याच्याशी सौजन्याने, पण आग्रहाने, एवढे ठरवून घ्या :

- काम सुरू करण्यापूर्वीचा आणि संपल्यानंतरचा आकडा मीटरवर दाखवावा. दोन्हींचे छायाचित्र घ्या.
- कनेक्टर आधी साफ करावा, मगच बदलावा. यासाठी क्लीनर पेन किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद लागतो.
- कायमचा जोड यंत्राने वितळवून करावा. अशा जोडात प्रकाशाची हानी एकदशांश डेसिबलच्या आत राहते. हाताने बसवलेल्या झटपट कनेक्टरात ती तिप्पट-चौपट सहज होते आणि काळाबरोबर वाढत जाते.
- जोड नळीत आणि पेटीत बंदिस्त असावा. फांदीला लोंबणारा, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड मान्य करू नका. दोन पावसांत त्यात पाणी शिरते.
- ‘सध्या चालते आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नका. आकडा उणे २६ असेल तर तो आजही चालेल. प्रश्न पुढच्या पावसाचा आहे.

रस्ता, झाड आणि विजेचा खांब

घराबाहेरचे दोष तुमच्या हाती नसले, तरी त्यांची माहिती तुमच्यापाशीच आधी येते. एप्रिल-मे महिन्यांतील वादळी सरींत फांद्या पडून केबल ताणल्या जातात. खारी त्या कुरतडतात. आणि बेसकॉम या वीज कंपनीच्या खांबांवरून विनापरवाना नेलेल्या केबल तिच्याच माणसांकडून वेळोवेळी कापल्या जातात. नवी जोडणी घेताना केबल कोणत्या मार्गाने येणार, विजेच्या खांबाचा आधार घेणार असल्यास परवानगी आहे काय, हे विचारून घ्या. लोंबकळणाऱ्या केबलला हात लावू नका. तिला आधार देणारी पोलादी तार विजेच्या वाहिनीला टेकलेली असण्याचा धोका असतो.

खोदकामाविषयी एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. जमिनीखालील दूरसंचार केबलांच्या रक्षणासाठी केंद्राने केलेल्या नियमांनुसार खोदणाऱ्याने आगाऊ सूचना द्यावयाची असते, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू करण्यात आले. तुमच्या इमारतीच्या आवारात जलवाहिनी किंवा फाटकासाठी खोदकाम निघाले, तर कंत्राटदाराकडून ही सूचना दिल्याचा दाखला मागा.

रहिवासी संघ, दवाखाने आणि कचेऱ्या

इमारतीच्या रहिवासी संघाने एकाच कंपनीशी अनन्य करार करू नये. स्प्लिटरची पेटी कुलूपबंद, जमिनीपासून उंच आणि नावनिशीवार चिठ्ठ्या लावलेली असावी, कारण नव्या ग्राहकाचा जोड लावताना जुन्याचा उपसला जाणे हा जिन्यातील नित्याचा अपघात आहे.

ज्या संस्था खास भाड्याची वाहिनी घेतात, त्यांचा संदेश पुढे डीडब्ल्यूडीएम यंत्रणेतून जातो. तेथे १५५० नॅनोमीटरच्या आसपास, एकमेकींपासून जेमतेम ०.८ नॅनोमीटर अंतरावर, कित्येक वाहिन्या शेजारी-शेजारी नांदतात. या वाहिन्यांत एकीचा जोर अवाजवी वाढवला तर शेजारणींत मिसळण होते आणि तंतूत नको असलेल्या नव्या तरंगलांब्या निर्माण होतात. म्हणून ‘पॉवर वाढवून द्या’ ही मागणी कधीही करू नका. करारात त्याऐवजी ही कलमे घाला :

- जोडणी ताब्यात देताना संपूर्ण मार्गाचा ओटीडीआर अहवाल (तंतूत कोठे किती प्रकाश गळतो, ते दाखवणाऱ्या यंत्राचा), प्रत्येक जोडाच्या हानीसह.
- दुरुस्तीपूर्वीच्या त्रुटींचे प्रमाण दरमहा लेखी. दुरुस्तीनंतरच्या त्रुटी शून्य.
- सर्व वाहिन्यांच्या प्रकाशाचे संतुलन तपासल्याचा दाखला.
- पर्यायी वाहिनी खरोखर निराळ्या रस्त्याने येते, याचा नकाशा. दोन कंपन्यांचे दोन तंतू एकाच चरातून येत असतील, तर एकाच फावड्याने दोन्ही तुटतात.

तक्रार, मुदत आणि दाद

ग्राहकाचा अर्ज भावनेने भरलेला आणि आकड्यांनी रिता असेल, तर तो ‘राऊटरचा दोष’ असा शेरा मारून निकाली काढणे सोपे जाते. म्हणून मजकूर असा असावा : ‘दिनांक अमुक, सकाळी ९.१० ते ११.४० जोडणी चार वेळा तुटली. ग्रहण केलेला प्रकाश उणे २७.१ डीबीएम, गेल्या महिन्यात उणे १९.५ होता. लॅन केबलवर तपासले आहे. कृपया तंतू व जोड तपासावेत.’ यानंतर पायऱ्या अशा :

1. तक्रार केंद्र. तक्रार नोंदताच तिचा क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, घ्या. हा क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. केवळ स्थानिक केबलवाल्याच्या मोबाइलवर पाठवलेल्या निरोपावर विसंबू नका.
2. अपील प्राधिकारी. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार-निवारण नियमांनुसार, निकाल न लागल्यास किंवा असमाधानकारक लागल्यास ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्यास शुल्क नाही आणि निर्णयाची मुदत ३९ दिवस आहे. तुमचा चालक लहान असेल तर ही व्यवस्था त्याच्याकडे आहे काय, हे जोडणी घेतानाच विचारा.
3. भरपाई. ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आलेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार, तारेवरील ब्रॉडबँडचा दोष तीन दिवसांत दूर न झाल्यास पोस्टपेड आणि प्रीपेड अशा दोन्ही ग्राहकांस भरपाई मिळावयास हवी. ती बिलात आपोआप वळती झाली नसेल, तर डॉकेट नंबर लिहून मागा.
4. ग्राहक साहाय्य आणि आयोग. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने ग्राहकांच्या बाजूने मिटवला आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही.

ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तिच्याकडे अर्ज पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहणे हा पुष्कळांचा होणारा कालापव्यय टाळा. त्याचप्रमाणे, पैसे स्थानिक केबलवाल्याकडे रोखीने जात असले, तरी जीएसटीसह बिल परवानाधारक कंपनीच्या नावाचे घ्या. पावतीवाचून ग्राहक असल्याचेच सिद्ध करण्याची वेळ येते.

आजच करून ठेवण्याजोगे

वरील सर्व खटाटोपाचे बळ एका साध्या नोंदीवर अवलंबून आहे, आणि ती नोंद जोडणी बिघडल्यावर करता येत नाही. जोडणी सुरळीत चालू असताना ग्रहण केलेला प्रकाश, दुरुस्त झालेल्या व न झालेल्या त्रुटी, आणि लॅन केबलवर मिळणारा वेग असे आकडे दिनांकासह लिहून ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी, विशेषतः एप्रिलच्या आरंभी, पुन्हा घ्या. दोन-तीन डेसिबलची घसरण दिसली की पाऊस सुरू होण्यापूर्वीच तक्रार नोंदवा. कोरड्या हवेत, तंत्रज्ञांवर कामाचा ताण नसताना, जो जोड अर्ध्या तासात नवा होतो, त्यासाठीच जूनमध्ये चार दिवस तिष्ठावे लागते.